विद्यापीठात विद्यार्थ्याची हक्काची वास्तू

कोणत्याही विद्यापीठाच्या आवारात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या मनुष्याने तेथील इमारती लक्षपूर्वक न्याहाळल्या, तर त्या संस्थेने कोणत्या गोष्टीला किती महत्त्व दिले आहे हे तिच्या वार्षिक अहवालापेक्षा त्या इमारतींवरूनच त्याला अधिक स्पष्ट कळून येईल. कुलगुरूंचे कार्यालय, कुलसचिवांचे दप्तर, परीक्षा विभाग, ग्रंथालय, प्रयोगशाळा, पदवीदानाचे सभागृह आणि अतिथिगृह या सर्वांना आपल्याकडे ठरलेली जागा आहे, अर्थसंकल्पात ठरलेली तरतूद आहे आणि त्यांच्या दुरुस्तीची तजवीज करणारी माणसेही आहेत. परंतु ज्याच्या नावाने हा सारा प्रपंच उभा राहिला तो विद्यार्थी दोन तासिकांच्या मधल्या वेळात कोठे बसतो, पावसाळ्यात आपला डबा कोठे उघडतो, नाटकाची तालीम कोठे करतो, आणि दुसऱ्या शाखेतल्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या, दुसऱ्या विचारांच्या समवयस्काशी त्याची गाठ कोठे पडते, असा प्रश्न केला, तर पुष्कळ ठिकाणी उत्तरादाखल एखाद्या झाडाचा पार, वाहनतळाचा कोपरा किंवा उपाहारगृहाबाहेरचा कट्टा दाखवावा लागतो.

या उणिवेकडे आपण आजवर केवळ गैरसोय म्हणून पाहत आलो. ती शिक्षणातलीच उणीव आहे, ही गोष्ट आपल्या धोरणकर्त्यांच्या मनावर पुरेशी बिंबलेली नाही. विद्यार्थी भवन उभारणे, जेथे ते आहे तेथे त्याचा विस्तार करणे आणि जेथे ते जीर्ण झाले असेल तेथे त्याचे नूतनीकरण करणे, हे विद्यापीठाच्या बांधकाम-आराखड्यातील अग्रक्रमाचे काम आहे; आणि अशा भवनाचा कारभार विद्यार्थ्यांच्या बहुमताने चालला तरच त्यावर केलेला खर्च सार्थकी लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे. यातील पहिले विधान मान्य करून दुसरे टाळण्याची प्रवृत्ती अधिकारी वर्गात सहज उद्भवते, म्हणून आरंभीच सांगितले पाहिजे की ही दोन विधाने परस्परांपासून अलग करता येणार नाहीत.

मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 साली झाली. त्याच्या फोर्ट आवारातील सर कावसजी जहांगीर पदवीदान सभागृहाचा जीर्णोद्धार मोठ्या निगुतीने करण्यात आला, आणि 2018 साली मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूह जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाला तेव्हा राजाबाई टॉवरसह विद्यापीठाच्या त्या इमारतींनाही तो मान प्राप्त झाला. पुण्यात 1949 साली विद्यापीठ सुरू झाले त्या वेळी गणेशखिंडीतील गव्हर्नरांचा जुना प्रासाद त्याच्या वाट्याला आला, आणि आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत तीच आहे. अशा वास्तू जपणे हे समाजाच्या सुसंस्कृतपणाचे लक्षण होय, आणि त्यांच्यावर झालेल्या खर्चाबद्दल कोणीही कुरकूर करू नये. परंतु पदवीदानाच्या सभागृहात विद्यार्थी आपल्या आयुष्यातला एक दिवस, तोही काही तासांपुरता, बसतो; आणि ज्या आवारात तो तीन किंवा पाच वर्षे रोज वावरतो, तेथे त्याने दिवसाचे रिकामे तास कसे घालवावे याचा विचार मात्र आराखडा काढताना कोणाच्या मनात येत नाही. ‘विद्यार्थी सुविधा केंद्र’ अशी पाटी जेथे असते तेथे बहुधा दाखले, गुणपत्रिका आणि शुल्काच्या पावत्या देणारी खिडकी असते. ती आवश्यकच आहे. पण खिडकीसमोर रांगेत उभे राहणे आणि आपल्या घरात वावरणे यांत जे अंतर आहे, तेच येथे विचारात घ्यावयाचे आहे.

विद्यार्थ्याला वर्गाबाहेर हक्काची वास्तू मिळाली पाहिजे हा विचार आपल्याला कोठून उसना आणावा लागणार नाही. शाळेचे शुल्क माफ केल्याने खेड्यातले मूल शिकत नाही, त्याला शहरात पाठ टेकावयास जागा लागते आणि बरोबरीची माणसे लागतात, हे मर्म राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले होते. म्हणूनच 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून जी परंपरा सुरू झाली तिच्यात पुढे जैन, मुस्लिम आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांच्या वसतिगृहांची भर पडत गेली, आणि करवीर नगरी विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणून विख्यात झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 साली साताऱ्यात जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे, एकत्र श्रम करावे आणि एका पंगतीत जेवावे असा दंडक घालून दिला. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे झाले. पुण्यात 1955 साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समितीचे काम सुरू केले त्यामागेही हीच जाणीव होती. पंगतीत शेजारी बसलेल्या मुलाची जात, भाषा आणि भूक यांची जी ओळख होते ती कोणत्याही पाठ्यपुस्तकातून होत नाही, हे या थोर पुरुषांनी अनुभवाने जाणले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना सोयीचे पडावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले. आणि त्याच महाविद्यालयात विद्यार्थ्यांची जी संसद भरत असे, तिच्यापुढे स्वतः बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलावर भाषण केले. देशाची राज्यघटना रचणारा पुरुष कायद्याच्या एवढ्या गहन विषयाची चर्चा विद्यार्थ्यांच्या सभेत करू शकतो, यावरून त्या सभेची योग्यता त्याच्या दृष्टीने किती मोठी होती हे ध्यानात यावे. पुढे 1950 साली औरंगाबादेत सुरू झालेल्या त्यांच्या महाविद्यालयाच्या, म्हणजे आजच्या मिलिंदच्या, आवारात प्राचार्य म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणले. त्या आवारातील वसतिगृहांत, चर्चांत आणि रंगमंचावर ज्या तरुणांना प्रथमच आपला शब्द सापडला त्यांच्यातून मराठी साहित्याचा एक नवा प्रवाह पुढे आला. हे कार्य वर्गांनी केले हे खरे. परंतु वर्ग सुटल्यानंतर विद्यार्थी जेथे थांबले त्या जागांनीही ते तितकेच केले.

आता आजच्या विद्यार्थ्याचा दिवस पाहा. कसारा, विरार किंवा पनवेलहून लोकल गाडीने येऊन मुंबई विद्यापीठाच्या कालिना आवारात पोहोचणारा मुलगा, किंवा तालुक्याच्या गावाहून एसटीच्या पासावर जिल्ह्याच्या महाविद्यालयात येणारी मुलगी पहाटे घर सोडते. सकाळची तासिका संपल्यावर दुपारच्या प्रात्यक्षिकापर्यंत तीन-तीन तास रिकामे असतात, आणि मध्ये घरी जाऊन येणे शक्य नसते. ग्रंथालयात बोलण्यास मज्जाव असतो, आणि तो योग्यच आहे. उपाहारगृहात चहा संपताच टेबल मोकळे करावे लागते. वऱ्हांड्यात थांबले की रखवालदार हटकतो. वसतिगृहात राहणाऱ्याला निदान स्वतःची खाट असते. पण आपल्या विद्यार्थ्यांत फार मोठी संख्या रोज ये-जा करणाऱ्यांची आहे, आणि त्यांच्यासाठी विद्यापीठ म्हणजे तासिकांची एक तुटक मालिका होऊन बसले आहे. मुलींची अडचण याहून अधिक आहे, कारण मुलगे ज्या कट्ट्यावर, टपरीवर किंवा फाटकापाशी तास काढतात, तेथे मुलीने थांबणे अद्याप सर्वत्र निर्वेध झालेले नाही.

रंगभूमीचेच उदाहरण घ्या. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने 1963 साली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू केली तेव्हापासून महाविद्यालयीन एकांकिका ही मराठी नाटकाची आणि पुढे चित्रपटाचीही पाठशाळा बनली आहे. या स्पर्धेसाठी दरवर्षी मुले महिनोन्महिने राबतात. परंतु कित्येक महाविद्यालयांत त्यांची तालीम वर्ग सुटल्यानंतर बाके सरकवून, नाहीतर पार्किंगमध्ये, आणि शिपायाने कुलूप लावण्यापूर्वी घाईघाईने उरकावी लागते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांची स्थितीही वेगळी नाही. पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत खासगी अभ्यासिकांचा जो मोठा व्यवसाय उभा राहिला आहे, त्यात खुर्ची-टेबल आणि दिवा एवढ्यासाठी शेतकऱ्यांची मुले दरमहा पैसे मोजतात. जी गरज विद्यापीठांनी भागवावयास हवी होती ती बाजाराने भागवली, आणि तिची किंमत ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडूनही वसूल केली.

विद्यार्थी भवनाचा विस्तार आणि नूतनीकरण विचारपूर्वक कसे करता येते, आणि त्यातही कोणते धोके असतात, याचे एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात आढळते. तेथे 1904 साली ‘मिशिगन युनियन’ ही संघटना विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. इमारत नंतर आली. आधी संघटना होती, हा क्रम विसरता कामा नये. अर्व्हिंग आणि ॲलन पाँड या वास्तुशिल्पी बंधूंनी, जे स्वतः त्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी होते, युनियनच्या भवनाचा आराखडा केला आणि 1919 साली ते खुले झाले. जेवणाची दालने, वाचनाची दालने, सभांची दालने, खेळ आणि उतारूंसाठी खोल्या असा त्याचा विस्तीर्ण पसारा होता. 14 ऑक्टोबर 1960 रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी यांनी याच भवनाच्या पायऱ्यांवर उभे राहून हजारो विद्यार्थ्यांना परदेशांत जाऊन सेवा करण्याची तुमची तयारी आहे काय, असा प्रश्न केला. विद्यार्थ्यांनी त्यानंतर सह्यांची मोहीम उभारून त्या प्रश्नाला उत्तर दिले, आणि 1961 साली ‘पीस कोअर’ची स्थापना झाली. इतक्या अपरात्री हजारो तरुण एका जागी जमू शकले, याचे कारण ती जागा त्यांना आपली वाटत होती आणि तेथे येण्यासाठी त्यांना कोणाची परवानगी काढावी लागत नव्हती.

मात्र या भवनाच्या इतिहासाला एक काळी बाजूही आहे, आणि ती आपण विशेष लक्षात ठेवावी. मिशिगन विद्यापीठात स्त्रियांना 1870 पासून प्रवेश होता; तरीही युनियनचे भवन पुरुषांसाठी होते, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्त्रियांना त्याच्या पुढल्या दाराने एकटीने प्रवेश नव्हता, त्यांनी बाजूच्या दाराने यावे असा प्रघात होता. अखेर विद्यार्थिनींनी आणि माजी विद्यार्थिनींनी पैसा उभा केला आणि 1929 साली ‘मिशिगन लीग’ नावाचे आपले स्वतंत्र भवन उघडले. पदवी देण्यास जी संस्था कचरली नाही ती पुढले दार उघडण्यास ऐंशीहून अधिक वर्षे कचरली, यावरून एवढेच निष्पन्न होते की प्रवेशाचा अधिकार आणि वावरण्याचा अधिकार हे दोन भिन्न अधिकार आहेत, आणि दुसरा मिळाल्यावाचून पहिला अपुरा राहतो.

शतक सरत आले तेव्हा त्या इमारतीच्या नळांना, विजेच्या तारांना आणि हवेच्या यंत्रणेला जीर्णता आली. त्या वेळी नूतनीकरणाची मागणी प्रशासनापेक्षा विद्यार्थ्यांनीच अधिक लावून धरली. युनियनसह विद्यार्थ्यांच्या वापरातील इमारतींसाठी प्रत्येक सत्राला 65 डॉलरचे शुल्क आकारण्यास 2013 साली विद्यापीठाच्या नियामक मंडळाने मंजुरी दिली ती याच मोहिमेनंतर. मे 2018 च्या सुमारास इमारत बंद करण्यात आली आणि सुमारे 8 कोटी 52 लक्ष डॉलरचे काम पूर्ण होऊन जानेवारी 2020 मध्ये ती पुन्हा उघडली. दर्शनी रूप कायम ठेवले, आतील यंत्रणा बदलल्या, मधल्या उघड्या चौकावर काचेचे छत घालून तो बारमाही उठण्याबसण्याजोगा केला, विद्यार्थी-संघटनांना एकत्र काम करण्यासाठी प्रशस्त दालन दिले आणि समुपदेशनाच्या सेवेलाही जागा ठेवली. पाडून नवे बांधण्याचा मोह टाळून जुन्या भिंतींच्या आत नवे जीवन कसे सामावता येते, याचा हा उत्तम नमुना आहे.

पण या उदाहरणाची नक्कल आपण डोळे मिटून करू नये. तेथे एक भवन वीस महिने बंद ठेवता आले, कारण विद्यार्थ्यांच्या वापरासाठी लीग आणि पिअरपॉन्ट कॉमन्स ही आणखी दोन भवने शिल्लक होती. आपल्याकडे जेथे एकच जागा आहे ती दोन वर्षे बंद ठेवणे म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांची एक सबंध पिढी त्या जागेवाचून बाहेर पाठवणे होय. म्हणून आपल्याकडे काम टप्प्याटप्प्यानेच झाले पाहिजे. दुसरे असे की, विद्यार्थ्यांच्या माथी शुल्क मारून इमारत बांधण्याची अमेरिकन पद्धत आपल्या समाजाला मानवणारी नाही. आपल्या विद्यार्थ्यांतील मोठा भाग शिष्यवृत्तीवर आणि शुल्क-प्रतिपूर्तीवर अवलंबून असतो, आणि प्रवेशाच्या पावतीवर जिमखाना, विद्यार्थी कल्याण, सांस्कृतिक कार्यक्रम अशा नावांनी तो आजही काही ना काही भरतच असतो. आधी या जमा रकमेचा हिशेब त्याच्यापुढे मांडला जावा, आणि भांडवली खर्च विद्यापीठाच्या निधीतून व शासनाच्या अनुदानातून व्हावा.

कारभाराच्या बाबतीत मात्र अमेरिकेतीलच विस्कॉन्सिन विद्यापीठ अनुकरणीय आहे. तेथील युनियन 1907 साली स्थापन झाली, मेंडोटा सरोवराच्या काठी तिचे ‘मेमोरियल युनियन’ हे भवन 1928 साली उघडले, आणि पोर्टर बट्स हे तिचे पहिले संचालक झाले. भवनाचे धोरण ठरवणाऱ्या मंडळात विद्यार्थ्यांचे बहुमत असावे हे तत्त्व तेथे रुजले. कार्यक्रम ठरवणाऱ्या समित्या विद्यार्थी चालवतात. 2006 साली त्यांनी मतदानाने कौल दिल्यावर ‘युनियन साउथ’ हे दुसरे भवन नव्याने बांधले गेले व 2011 साली उघडले. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींनी मोठ्या संस्थेचे अंदाजपत्रक वाचावे, त्यावर वाद घालावा आणि बहुमताचा निर्णय मान्य करावा, हे नागरिकशास्त्राचे प्रात्यक्षिकच होय.

आपल्या देशातही हे अगदीच नवे नाही. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील गोलाकार विद्यार्थी केंद्र त्या विद्यापीठाच्या जीवनाचे मध्यबिंदू मानले जाते. पवईच्या आयआयटीत विद्यार्थ्यांच्या उपक्रमांसाठी स्वतंत्र केंद्र आहे आणि ‘मूड इंडिगो’सारखा महोत्सव तेथील विद्यार्थीच उभा करतात. चर्चगेटच्या ‘बी’ रोडवर मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी भवन आहे. जेथे अशी वास्तू नावाने आणि भिंतींनी उपलब्ध आहे, तेथे तिच्यातील किती जागा कचेऱ्यांच्या ताब्यात आहे आणि किती जागा विद्यार्थ्याला विनापरवाना वापरता येते, याची मोजदाद हीच विस्ताराची पहिली पायरी ठरावी.

या सूचनेवर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की, अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त असताना विद्यार्थी भवनावर पैसा खर्च करणे हे तारतम्य सोडून वागणे आहे. अध्यापकांची भरती तातडीने झाली पाहिजे यात दुमत असण्याचे कारण नाही. परंतु वेतनाचा आवर्ती खर्च आणि इमारतीचा भांडवली खर्च हे दोन निराळे हिशेब आहेत, आणि इमारतीचा पैसा वाचवून अध्यापक नेमले गेले असे सहसा घडत नाही. शिवाय, प्रशासकीय इमारतीचा किंवा प्रवेशद्वाराच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव येतो तेव्हा रिक्त पदांचा मुद्दा असाच आग्रहाने मांडला जातो काय, हेही पाहावे लागेल. अध्यापकाला वर्गाबाहेर विद्यार्थ्याबरोबर बसावयास जागा मिळाली तर त्याच्याही अध्यापनाला बळच येईल.

दुसरा आक्षेप राजकारणाचा. विद्यार्थ्यांच्या हाती इमारत दिली तर तेथे गट पडतील, पक्ष शिरतील, मारामाऱ्या होतील, अशी भीती जुन्या अनुभवातून आलेली आहे. महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचारामुळे 1994 च्या कायद्याने थेट निवडणुका थांबवल्या. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 अन्वये त्यांची पुन्हा तरतूद झाली, तरी तिच्या अंमलबजावणीचा मुहूर्त वारंवार लांबणीवर पडत आला. या काळात विद्यार्थ्यांतले राजकारण संपले, असे कोणी म्हणेल काय? ते फाटकाबाहेर गेले, पक्षांच्या कार्यालयांत गेले, आणि आता हातातल्या मोबाइलमध्ये गेले, जेथे विरोधकाचा चेहरा दिसत नाही आणि म्हणून त्याच्याविषयी वाटेल ते बोलण्यास संकोच वाटत नाही. विरुद्ध मताच्या माणसाशी एका टेबलावर बसून वाद घालण्याची आणि वाद संपल्यावर त्याच्याबरोबर चहा घेण्याची सवय तरुण वयातच जडावी लागते, आणि ती जडण्यासाठी टेबल आणि छप्पर दोन्ही लागतात. भांडणाच्या भीतीने जागाच नाकारणे हे पोहता येत नाही म्हणून नदीकडे जाण्यास मनाई करण्यासारखे आहे.

तिसरी भीती मला स्वतःला सर्वांत खरी वाटते. विस्तार आणि नूतनीकरण या नावाखाली विद्यार्थी भवनाचे रूपांतर ठेकेदाराच्या बाजारात होण्याचा संभव असतो. तळमजला महागड्या खाद्यपदार्थांच्या दुकानांना भाड्याने जातो, सभागृह बाहेरच्या समारंभांसाठी दिले जाते, विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमालाही अनामत रक्कम मागितली जाते, आणि जेथे पूर्वी दहा रुपयांच्या चहावर दोन तास बसता येत होते तेथे खिशात पैसे नसलेला विद्यार्थी आपण होऊन पाऊल टाकीनासा होतो. म्हणून भवनात खरेदी केल्याशिवाय बसण्याचा अधिकार हा त्याच्या नियमावलीतला पहिला नियम असावा, आणि उपाहारगृहाचा ठेका देताना पदार्थांचे दर व दर्जा ठरवणाऱ्या समितीत विद्यार्थ्यांचे मत निर्णायक असावे.

प्रत्यक्ष कामाची रूपरेषा अवघड नाही. जुनी इमारत असेल तेथे प्रथम तिचे स्ट्रक्चरल ऑडिट करून गळती, विजेची जोडणी आणि स्वच्छतागृहे यांची दुरुस्ती करावी. ज्या कचेऱ्या अन्यत्र हलवता येतील त्या हलवून मोकळी झालेली जागा विद्यार्थ्यांना द्यावी, आणि त्यानंतरच नवीन मजला किंवा नवीन पाख उभारण्याचा विचार करावा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा अस्तित्वात असताना उतारमार्ग, उद्वाहन आणि सर्वांना वापरता येणारी स्वच्छतागृहे यांना पर्यायच नाही. तालमीची दालने, लहान सभांच्या खोल्या, बोलण्याची मुभा असलेली अभ्यासिका, डबा खाण्याची जागा, सामान ठेवावयाची कपाटे, विश्रांतीची खोली, समुपदेशकाची शांत खोली आणि तान्हे मूल असलेल्या विद्यार्थिनींसाठी हिरकणी कक्ष, एवढे असले तरी भवन आपले काम करील. ते रात्री उशिरापर्यंत उघडे असावे आणि मुलींना परतण्यासाठी वाहनाची व प्रकाशाची व्यवस्था असावी. कारण मुलींच्या सुरक्षिततेचे निमित्त करून दार लवकर बंद करणे म्हणजे मिशिगनच्या बाजूच्या दाराचीच नवी आवृत्ती काढणे होय.

कारभारासाठी विद्यार्थ्यांचे बहुमत असलेले मंडळ नेमावे. त्यात विद्यार्थिनींचे, रोज ये-जा करणाऱ्यांचे, वसतिगृहवासीयांचे आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचे प्रतिनिधी असावेत. जमाखर्च दर सत्राला फलकावर लावावा. आणि देखभालीसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम वेगळी काढून ठेवावी, कारण आपल्याकडे इमारती उद्घाटनानंतर पाच-सात वर्षांतच जुन्या दिसू लागतात, त्याला मुख्य कारण बांधकामापेक्षा निगा राखण्यातील बेपर्वाई हे असते. अधिनियमात विद्यार्थी विकास मंडळ आहे, विद्यार्थी परिषद आहे. या दोहोंना कागदावरून उठवून जागेवर आणण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे. शिवाय, ही व्यवस्था मुख्य आवारापुरती राहू नये. रत्नागिरी, नाशिक, अहिल्यानगर येथील उपकेंद्रांत आणि तालुक्यांच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना अशा जागेची गरज शहरातल्यांपेक्षा अधिक आहे, कारण त्यांच्या गावात नाट्यगृहही नसते आणि ग्रंथालयही बहुधा लवकर बंद होते.

हे घडवून आणण्याचे साधन आपल्या हाती आहे. विद्यापीठाचे अंदाजपत्रक अधिसभेपुढे येते, आणि त्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. हा लेख वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पदवीधर असतील. त्यांनी आपली नोंदणी करावी, आणि मत मागावयास येणाऱ्या उमेदवाराला विद्यार्थी भवनासाठी किती तरतूद मागणार, त्याच्या मंडळात विद्यार्थ्यांचे बहुमत ठेवण्याचा ठराव आणणार की नाही, असे दोन प्रश्न विचारावेत. पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांनी आपल्या मागून येणाऱ्यांचे हे ऋण फेडावयाचे आहे, आणि त्यासाठी येत्या अंदाजपत्रकापेक्षा अधिक थांबण्याचे काहीच कारण नाही.